बोटभर टायरची गाडी

माझ्या धाकट्या भावाने नागपूरहून जुनी स्पोर्ट्स कार आणली तेव्हा ती चांगली होती. हे मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुढे तिचं जे झालं त्यात तिचा काही दोष नाही. लाल रंग, दोन दरवाजे, दोन सीटा. ज्या कंपनीने ती बनवली तिने चाकं, टायर, स्प्रिंगा काही विचार करूनच बसवल्या असणार. पण आमच्या धाकट्याला कंपनीपेक्षा जास्त कळतं. त्याला लहानपणापासून सगळ्यांपेक्षाच जास्त कळतं, आणि तसं त्याला बाबांनीच सांगून ठेवलं आहे.

भंडाऱ्यात आमचा धान-तांदळाचा व्यापार. दुकान मी बघतो. धाकटा मार्केटिंग बघतो, म्हणजे फोन बघतो. त्या उन्हाळ्यात फोनमध्ये त्याला असं समजलं की चाक आणि त्यावरचा पत्रा यांच्यामध्ये फट दिसली तर ती स्पोर्ट्स कार नव्हे, ट्रॅक्टर. त्याच्या ग्रुपमधले शहाणे अशा गाडीला हसतात म्हणे. त्या फटीत बोटसुद्धा शिरता कामा नये. ही सगळी मंडळी पुण्या-मुंबईकडची. त्यातल्या एकानेही आमच्याकडचा मोहाडीचा रस्ता पाहिलेला नव्हता, पण आमची गाडी किती खाली बसवायची ते तेच ठरवत होते.

हायवेवरच्या टायरच्या दुकानात मी त्याच्याबरोबर गेलो. मूळ चाकं सोळा इंची, त्यावर जाडजूड टायर. दुकानदाराने सतरा इंचीचा मधला पर्याय दाखवला आणि गिऱ्हाईकाचा चेहरा बघून लगेच अठराकडे वळला. अठरा म्हणजे रिमच रिम, टायर फक्त बोटभर. मी म्हटलं, "अरे, खड्ड्याचा दणका टायर खाते. टायरच ठेवला नाही तर दणका रिमले बसंल, नाही तं बसणाऱ्याच्या कमरेले."

"दादा, तुले ग्रिप समजत नाही," धाकटा म्हणाला.

"ग्रिप कायले पाह्यजे? वरठीच्या फाटकाजवळ रेस लावून राहिला का तू?"

दुकानदार हसला, पण धाकट्याच्या बाजूने. मग स्प्रिंगा. उंची कमी-जास्त करता येईल असाही एक सेट होता. दुकानदार स्वतःच म्हणाला की गावाकडे जाताना गाडी वर घेता येईल. यावर आमच्या धाकट्याने असं तोंड केलं, जणू त्याला कुणी लुगडं नेसायला सांगितलं. वर घेतलेल्या गाडीचा कुणी फोटो काढला तर? त्याने सगळ्यात आखूड, सगळ्यात कडक स्प्रिंगा घेतल्या. रिकामी गाडी हायवेवर पळवून आणली, पत्र्याखाली बोट घालून बघितलं, ते शिरलं नाही आणि तो कृतार्थ झाला.

मी एवढा चिडलो त्याचं कारण बाबा. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, आंबागडला दिलेली. तिच्या लग्नात तिच्या सासऱ्याने मांडवात सगळ्यांदेखत विचारलं होतं, "नवरीच्या भावाकडं सायकल तरी हाय का?" नव्हती. सासरा केव्हाच गेला, आत्याचे केस पांढरे झाले, तरी बाबांच्या मनातून ते वाक्य गेलं नाही. धाकट्याची गाडी आली त्या दिवशीच ते म्हणाले, "या भाऊबीजेले पोराच्या गाडीत बसून बहिणीच्या दारात उतरतो. मंग मले काही नाही पाह्यजे."

इतकी वर्षं मी त्यांना मोटरसायकलवर बसवून भाऊबीजेला नेत होतो, ते कशातच धरलं नव्हतं. मला वाईट वाटलं. पण त्यांची हौस खरी होती, आणि ती पुरी व्हावी असं मलाही वाटत होतं. म्हणून मी पुन्हा एकदा मूळ स्प्रिंगांचा विषय काढला. बाबांनीच मला गप्प केलं. "त्याले समजते," म्हणाले.

भाऊबीजेला निघालो. गाडीत धाकटा आणि बाबा, मागे मोटरसायकलवर मी. बाबा नव्या धोतरात, मांडीवर ओवाळणीच्या साडीची पिशवी. अंगाने ते भारी. ते बसले तशी गाडी आणखी खाली गेली आणि चाक पत्र्याला घासल्याचा आवाज आला. रिकामी गाडी मोजणाऱ्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं की सीटवर कधीमधी माणूसही बसतो.

वरठीत पहिला स्पीडब्रेकर. गाडीचं पोट टेकलं. धाकटा म्हणाला, "बाबा, एक मिनिट उतरा ना." त्या गाडीतून उतरणं म्हणजे जमिनीवरून उठणं. बाबांचे गुडघे आधीच कामातून गेलेले. मी हात दिला, ते उठले, हलकी झालेली गाडी तिरकी-तिरकी पलीकडे गेली, मग ते चालत जाऊन परत बसले. पुढच्या गावात पुन्हा तेच. कारखान्यातून सुटलेले कामगार मोटरसायकली थांबवून बघत होते. त्यांना वाटलं गाडी बिघडली. धाकट्याला वाटलं ते गाडीवर फिदा झाले.

तुमसरनंतर मी म्हटलं, "बाबा, माह्या मागं बसा. गाडी येऊ द्या मागून."

"नाही. गाडीतच जातो," बाबा म्हणाले. कण्हत होते, पण बसले.

आंबागडच्या रस्त्याला लागलो आणि आमच्या खानदानी अकलेचा उजेड पडला. हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान निघाला होता. निम्म्या रस्त्यावर धान वाळत घातलेला, कडेने दगड लावलेले, आणि उरलेल्या निम्म्यावर चुरलेल्या, म्हणजे मळलेल्या, धानाची तणस, नुसता पेंढा. दरवर्षी दिवाळीत असंच असतं. धानावर पोट भरणारं आमचं घर, आणि गाडी खाली बसवताना आमच्यातल्या एकालाही धान आठवला नाही! तणस गाडीच्या पोटाखाली घासायला लागली. रस्त्यावरची एक बाई ओरडली, "थांबा गा! सायलेंसर गरम हाय, पेटंल गाडी!"

धाकटा थांबला. त्याचा चेहरा उतरला होता आणि मला, खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मागे वळायलाही जागा नव्हती. मी त्याला म्हणालो, "लाव इथंच. चाल पायी."

"इथं? गाडीले कोनी हात लावला तं?"

एवढ्यात बाबा स्वतःच दार ढकलून उतरले. मला वाटलं, आता तरी याला दोन शब्द सुनावतील. त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली, धोतर खोचलं, आणि गाडीच्या पुढे जाऊन वाकून तणस बाजूला सारायला लागले. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. म्हणाले, "दारापर्यंत तं जाऊ दे गाडीले."

मग मोटरसायकल कडेलाच सोडून, पिशवी खांद्याला अडकवून मीही वाकलो. बाबा पुढे, मी त्यांच्या बाजूला, आणि मागून काच वर करून, एसी लावून, लाल गाडीत आमचा धाकटा. हॉर्न वाजवला नाही, एवढी त्याची मेहरबानी. अशी आमची वरात आत्याच्या गल्लीत शिरली. शेजारीपाजारी बाहेर आले.

आत्या आरतीचं ताट घेऊन दारात उभी होती. तिने भावाकडे पाहिलं. नव्या धोतराला धूळ, केसांत तणस, धाप लागलेली. मग मागच्या गाडीकडे पाहिलं. काचेवर ऊन चमकत होतं, आत कोण ते तिला दिसेना. तिने घाईघाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि दबक्या आवाजात विचारलं,

"कोन मोठा साहेब आला गा त्या गाडीत? तुले काहून पुढं चालवून राहिला?"