कापड्याच्या भिंतीवरचं तवशाचं बी

मामीचा फोन आला, "सोमवारी चुलीमागची भिंत पाडतायत गो. तुझ्या आईनं थापलेलं बी तिथंच हाय. नेतेस की टाकू?"

टाकू म्हणे! मी त्याच संध्याकाळी गाडीत हवा भरून आले.

तवसं म्हणजे आमच्याकडची पावसाळी काकडी, चांगली हातभर वाढणारी. आई दसऱ्यानंतर माहेरी जायची आणि पिकल्या तवशाच्या बिया राख-शेणात कालवून चुलीमागच्या भिंतीला थापायची. धुरानं कीड लागत नाही. ती गेली त्याला आता दुसरा उन्हाळा. शेवटची थापी कुणी पेरलीच नव्हती. त्या वेलाच्या तवशाचं धोंडस, गूळ-रव्याचा तो जड, ओलसर केक, मला एकदा पुन्हा खायचं होतं. ह्या सहलीचं कारण एवढंच.

पुण्याहून भोर, वरंधा घाट, महाड, पोलादपूर आणि मग मामाचं गाव, कापडे. घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, चौकशी करूनच निघा. पेट्रोल भोरलाच भरा. रस्ता अरुंद आहे, वळणावर हॉर्न वाजवायला लाजू नका. महाडला जेवले, दीडशेत भाकरी, सुकट, सोलकढी. मे महिन्याच्या दुपारी खाली उतरलात की घाटावरचा वारा विसरायचा. घामाच्या नुसत्या धारा लागतात.

कापड्याला पोचले तेव्हा स्वयंपाकघर निम्मं रिकामं झालेलं. मुंबईचा मामेभाऊ टाइल्स लावून देतोय, मामी खूश. मला मात्र ती काळी भिंत बघून भरून आलं. थापीवर आईच्या बोटांचे वळ तसेच. मामानं खुरप्यानं अलगद सोडवायला घेतली आणि ती हातातच फुटली. मी ओरडलेच.

"बी हवं का शेण हवं?" मामा म्हणाला. तो असाच आहे. पण नंतर खाली बसून एकेक बी तोच वेचत होता.

जिवंत असेल का हे? दोन उन्हाळे, वर चुलीची धग. मामी म्हणाली, "भिजवून बघू. अर्धं ठेव."

"अर्धं कशाला? सगळंच भिजवू."

"आई नि तू सारख्याच उतावळ्या," ती म्हणाली. तेवढ्यावरच मी खूश!

रात्र, एक दिवस आणि आणखी एक रात्र ओल्या फडक्यात. निघायच्या सकाळी फडकं सोडलं तर तीन-चार बियांतून पांढरं टोक डोकावत होतं. बाकीच्या नुसत्या फुगलेल्या. मी मामीला मिठीच मारली. तिनं पुरचुंडी केळीच्या पानात बांधली. "कोरडं होतं तोवर थांबलं असतं. आता त्याला थांबवता नाय येत. सुकू देऊ नको, घरी गेल्या गेल्या मातीत घाल."

आणि मी काय केलं? वाटेत शिवथरला वळले. घळ बघायचीच होती. मे महिन्यात गर्दी नसते, आत गारवा काय विचारता! बसले तिथं, आईशी मनातल्या मनात बोलत. पुरचुंडी मात्र बंद गाडीत, काचेपाशी. परत आले तर दार उघडताच भट्टीसारखी धग. पान करपलेलं, फडकं पापडासारखं कडक. पांढरी टोकं काळपट सुतासारखी सुकून गेली होती. भिंतीवर दोन उन्हाळे काढलेलं बी मी एका दुपारीत मारलं. स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले, अगदी हमसून. मग बाटलीतलं पाणी फडक्यावर ओतलं आणि घाट चढले.

घरी येऊन सगळं कुंडीत लावलं, मेलेल्या बियासुद्धा. मग वाचत बसले. कोरडं बी उन्हाला दाद देत नाही. मुळाचं टोक बाहेर पडलं की मात्र सुकणं सोसत नाही. नुसतं फुगलेलं, टोक न आलेलं बी पुन्हा वाळूनही कधी कधी तगतं. कधी कधी! त्या दोन शब्दांवर मी आठवडा काढला.

त्या तीन-चार बिया कुजल्या. रोज सकाळी चहा हातात घेऊन मी कुंडीपाशी. आणि एका सकाळी मातीत दोन जाड पानं, एकावर बियाचं टरफल अजून टोपीसारखं. शेजारी दुसरं रोप वाकून वर येत होतं.

आईला सांगायला म्हणून फोन उचलला. बोट तिच्या नावापर्यंत गेलं. अजून काढलेलं नाही मी ते.

मग मामीला लावला. "उगवलं," म्हटलं, आणि रडायलाच लागले.

"मग रडतेस काय गो?" मामी म्हणाली. तिनंही नाक ओढलं. "वेल चढायला काय बांधलंस का नाय? बांध जा आधी."