पत्रिकेतली नर्मदाआत्या

बोरीचा भुजंग हुशार होता, यात वाद नाही. पण हुशारीला थोडी धमकही लागते, आणि तिथं गाडी अडायची. औरंगाबादेहून कॉम्प्युटर शिकून आला आणि विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात सेलूच्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांचा प्रोग्राम लिहायला बसला.

मजकुराच्या फायलीत प्रत्येक गोष्टीच्या आगेमागे खूण असायची: ही उपाधी, हे नाव. प्रोग्रामात प्रत्येक माणसाचा एक ऑब्जेक्ट, म्हणजे त्याची माहिती ठेवायचा कप्पा. ज्याची उपाधी त्याच्याच ऑब्जेक्टात बसवायची, एवढंच काम. भुजंगनं घाई केली. खुणा न बघता नुसतं क्रमानं जोडलं: पहिली उपाधी पहिल्या नावाला, दुसरी दुसऱ्याला.

पहिली पत्रिका घरचीच, चुलतबहीण दैवशालाच्या लग्नाची. आग्रहाच्या निमंत्रणात लहानग्या कोकिळाचं नाव होतं, तिला उपाधीच नव्हती. झालं! खालच्या सगळ्या उपाध्या एकेक जागा वर सरकल्या. चिमुरडी झाली गं. भा. कोकिळा, आणि तिच्याखालची विधवा आत्या झाली सौ. नर्मदाबाई. कुणी तपासलं नाही, आणि पत्रिका अर्ध्या गावात वाटूनही झाल्या.

गावाला निमित्तच हवं असतं. पारावर लोक पोट धरून हसले. आईमागं भुजंगला जिनं लहानाचं मोठं केलं, त्या आत्याला बाया विचारायला लागल्या, "नवरी कोन, तू का दैवशाला?" भुजंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेलूला जाऊन त्यानं जोडणी बदलली. आता प्रोग्राम खूण बघायचा आणि उपाधी ज्याची त्यालाच द्यायचा. नसली तर जागा रिकामी ठेवायचा. पडद्यावर गं. भा. नर्मदाबाई नीट आपल्या ओळीत आली.

तेवढ्यात दैवशालाचे वडील, आबासाहेब, छापखान्यात आले.

"नर्मदाचं नावच काढ. लय हसं झालं. लग्नाच्या कागदावर गं. भा. कशाला पायजे? सोयरे काय म्हनतील?"

"काका, आता बराबर यायलंय."

"बराबर आलं तरी नको."

इथं त्यानं तोंड उघडायला हवं होतं. जिच्या हातचं खाऊन वाढला, तिच्यासाठी एक वाक्य! पण गड्यानं फायलीतून आत्याला पुसून टाकलं. नव्या पत्रिकेत एकही चूक नव्हती.

आत्या प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली होती. तिनं पत्रिकेवरून बोट फिरवलं, पुन्हा वरपासून फिरवलं.

"भुजंगा, माजं नाव कुटं हाय रे?"

"मशीनची चूक झाली, आत्या."

लग्नाच्या पंगतीत कुणीतरी खोचकपणे विचारलंच, "नर्मदाबाई, नव्या पत्रिकेत तुमी दिसंनात?"

"आमच्या भुजंगाला बोल लावू नका," आत्या म्हणाली. "मशीन नवं हाय. शिकंल हळूहळू."

भुजंग त्याच रांगेत वरण वाढत होता. तिच्या पानावर त्यानं वाढलं, पण तिच्याकडं बघितलं नाही.