चष्मेवाल्याचा मोठा टर्बो

तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो बसथांब्यावर डोळे मिटून उभा होता. समोरच्या चढावरून एक गाडी रडतखडत चालली होती आणि हा कान देऊन तिच्या इंजिनाचा आवाज ऐकत होता. तेवढ्यात बस आली आणि गेलीसुद्धा.

"अहो, तुमची बस!"

"जाऊ दे. त्या गाडीचा एक प्लग कामातून गेलाय."

असल्या माणसाशी संसार म्हणजे काय, हे आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं, असं ती पुढे जन्मभर म्हणत आली.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. सगळे त्याला चष्मेवालाच म्हणत. ती घरी पडदे शिवायची. दोघांची एक जुनी टर्बो गाडी होती, म्हणजे पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबणारी, आणि मोटार क्लबच्या घाट चढायच्या स्पर्धेत ती दोघं दरवर्षी उतरायची. तो चालवायचा, ती शेजारी बसून पुढचं वळण सांगायची. आणि दरवर्षी तिचा धाकटा भाऊ त्यांच्या पुढे असायचा. "काय दाजी, आमचा धूर मानवला का?" असं वर विचारायचा.

शिवणावर वाकून वाकून तिची मान धरली होती. एका संध्याकाळी तिने सांगून टाकलं, "हे वर्ष शेवटचं. पुढच्या वर्षी तुम्ही आणि तुमची गाडी."

"मग या वर्षी तुझ्या भावाला मागे टाकायचंच," तो म्हणाला. "तू शेजारी असताना."

तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता. आधी त्याने इंजिन धडधाकट आहे का ते तपासून घेतलं; म्हातारीला पळवायचं तर आधी गुडघे बघावेत. मग टर्बोची तापलेली हवा थंड करणारी मोठी जाळी, जास्त पेट्रोल देणारा पंप, दणकट क्लच. ब्रेकचं काम तिने हट्टाने या सगळ्या नव्या सामानाच्या आधी करून घेतलं. इथवर गॅरेजवाल्यालाही नाव ठेवायला जागा नव्हती. मग मोठ्या टर्बोचा विषय निघाला.

"टर्बो आहे तोच राहू द्या," गॅरेजवाला म्हणाला. "मोठा पंखा फिरायला वेळ घेतो. घाटात एवढी सवड कुठली?"

"पण ताकद वाढते की नाही?"

"वाढते. सरळ रस्त्यावर."

'वाढते' एवढंच त्याने ऐकलं आणि मोठा टर्बो बसवून घेतला.

गाडी जागच्या जागी उभी करून, चाकं फिरत्या लोखंडी रुळांवर पळवून ताकद मोजतात. तिथला आकडा पाहून तो दोन दिवस घरात शीळ घालत होता.

स्पर्धेत पहिल्याच वळणातून बाहेर पडताना त्याने पाय दाबला. गाडी दम घेतल्यासारखी घुटमळली, आणि जोर आला तोवर पुढचं वळण नाकासमोर. पुन्हा ब्रेक, पुन्हा तेच. "डावं, आवळतं," ती सांगत होती. "आता उजवं." मधेच म्हणाली, "वरातीमागून घोडं!"

इतक्या वर्षांत त्यांचा एवढा खालचा नंबर कधी आला नव्हता. भाऊ वर वाटच बघत होता. "दाजी, वाटेत डुलकी काढलीत होय?"

परतीच्या वाटेवर ती म्हणाली, "सुई ओवायला बसलात आणि डोळ्यांवर दूरचा चष्मा! गिऱ्हाइकाला असा दिला असतात?"

"नसता दिला," तो म्हणाला. "आणखी एकच वर्ष बसतेस?"

"मान माझी आहे," ती म्हणाली. विषय संपला.

त्याने जुना टर्बो परत बसवला, बाकी सगळं तसंच ठेवलं. पुढच्या वर्षी तो एकट्याने उतरला आणि मेहुण्याआधी वर पोचला. "ताई, म्हणजे इतकी वर्षं तुझंच वजन नडत होतं की!" भाऊ म्हणाला. ती मनापासून हसली.

हेल्मेट काढत तो तिच्याजवळ आला. "मधल्या वळणाला मी विचारलं, पुढे काय म्हणून."

"मग?"

"मग काय. सवयीने वळलो."

त्यानंतर तो स्पर्धेत उतरलेला नाही. मोठा टर्बो तिच्या शिवणाच्या टेबलावर असतो. कापताना कापड सरकू नये म्हणून ती तो वर ठेवते. गाडीतून हल्ली पडदे पोचवले जातात. तो सावकाश चालवतो, ती शेजारी बसते.