शरयूताईंची एकच खुर्ची

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. पिंपळगाव राजात कुणाचं लग्न असो, बारसं असो की पुढाऱ्याचा सत्कार, मागे जी झालर लोंबत असते ती माझी असते. लोक मला एवढंच सांगतात, "वैजनाथभाऊ, तुमच्या मनाने करा." आणि माझ्या मनाने म्हणजे भरगच्च. भिंत दिसली की मला ती झाकावीशी वाटते. त्यामुळे शरयूताईंनी माझ्या एकेका सूचनेला हसून "नको" म्हणायला सुरुवात केली तेव्हा माझं डोकं फिरलं होतं, हे आधीच सांगून टाकतो.

शरयू म्हणजे आमच्या पोस्टातल्या अर्जुनरावांची मुलगी. लग्न होऊन अकोल्याला गेली, ते लग्न काही टिकलं नाही. मग पुण्याला एका दवाखान्यात रिसेप्शनवर लागली. शेजारी एक सिंधी बाई राहायच्या, त्यांच्याकडून टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहायचे पत्ते शिकली. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी आली, आणि आई गेल्यावर परत गेली नाही. वय चाळिशीच्या आत-बाहेर, अंगकाठी किरकोळ, आवाज कधी चढलेला नाही. बाईचा हट्ट मात्र दगडाचा. मी वयाने मोठा असूनही तिला ताईच म्हणतो, कारण एकेरी बोलावं असं ती वागतच नाही.

बसस्टँडच्या रस्त्यावर घराची पुढची खोली रिकामी होती, तिथं शरयूताईंना पत्त्यांचं दुकान काढायचं होतं. धाकटा भाऊ दीपक शाळेत क्लार्क आहे, माणूस सरळ, पण बायकोला न विचारता घरातलं सगळं ठरवणारा. त्याची बायको हिमानी हळू बोलते, म्हणजे बोललीच तर. दीपकने बहिणीला सांगितलं, "दिवाळीपर्यंत चालवून पाह्य. नाई चाललं तं खोली हर्षलले देऊ, तो मोबाईलच्या दुकानासाठी केव्हाचा मागे लागला हाये." दुकान चाललं नाही तर शरयूताईंना पुन्हा पुण्याच्या त्या रिसेप्शनच्या खिडकीमागे जाऊन बसावं लागणार होतं. भावाच्या घरात फुकट जेवणारी बहीण व्हायचं नाही, हे त्यांनी आल्याआल्याच ठरवलेलं होतं.

मी खोली पाहायला गेलो तो कॅटलॉग घेऊनच. काळ्या मखमलीचा पडदा, छताला जांभळं कापड, थर्माकोलचे चांद-तारे, चारी कडांनी एलईडीच्या पट्ट्या. म्हटलं, माणूस आत शिरला की त्याला वाटलं पाहिजे आपण कुठंतरी भलतीकडे आलो.

"भाऊ," शरयूताई म्हणाल्या, "माणसाला वाटलं पाहिजे की इथं आपल्याला बसता येईल."

भिंतींना त्यांनी फिका पिवळा रंग दिला. उजेडाला साधी ट्यूब. टेबलावर निळं सुती कापड, तेही इस्त्री केलेलं. बस. मी विचारलं, एखादा देवाचा फोटो तरी? तर म्हणाल्या, मशिदीच्या गल्लीतल्या बायांनाही येता आलं पाहिजे. पडदा मात्र लावायचा होता, पण जमिनीपासून चांगला हातभर वर. मी म्हटलं, ताई, कापड कमी पडलं असं लोक म्हणतील, माझं नाव जाईल. त्या म्हणाल्या, "बाहेरून दोघींचे पाय दिसले पाहिजेत भाऊ. म्हणजे आत कोण आहे, किती जण आहेत, यावर गावात गोष्टी होणार नाहीत." हे मला सुचलं नसतं. मी गप कापड कापलं.

खरी भांडणं झाली ती खुर्चीवरून. गिऱ्हाइकासाठी एकच खुर्ची. मी प्लॅस्टिकची दाखवली, नको. लग्नातली लाल गादीची दाखवली, त्यावर तर नुसत्या हसल्या. शेवटी खामगावच्या जुन्या बाजारातून हातांची लाकडी खुर्ची आणली, वेताच्या पाठीची. तिच्यावर स्वतः बसून पाहिलं, मग हिमानीला बसवून पाहिलं, आणि मला म्हणाल्या, पायांचं दोन बोटं लाकूड कापा. आपल्याकडच्या बायांचे पाय टेकत नाहीत अशा खुर्चीत, लोंबकळतात, आणि पाय लोंबकळत असले की माणूस पाहुण्यासारखा बसतो. स्वतःला मात्र बिनपाठीचं स्टूल, तेही खुर्चीहून ठेंगणं. मी म्हटलं, अहो, दुकानदाराची बैठक उंच असते. त्यावर त्यांनी स्टूल ओढलं आणि बसून दाखवलं, म्हणजे नको.

"आणि बाकीचे कुठं बसतील?" मी विचारलं. "बाई काय एकटी येणार आहे का? सासू येईल, नणंद येईल, शेजारीण येईल."

"ते बाहेर बसतील."

मग त्यांनी दवाखान्यातलं सांगितलं. इतकी वर्षं त्या खिडकीमागे बसून त्या प्रत्येक बाईला विचारायच्या, काय होतंय. बाई तोंड उघडायच्या आत नवरा सांगायचा, पोट दुखतंय तिचं. नाहीतर सासू सांगायची. बाई मान हलवायची. "मला ते ऐकून ऐकून वीट आला, वैजनाथभाऊ," त्या म्हणाल्या. "पत्ते काय, पत्ते आहेत. मला एक जागा करायची आहे जिथं बाईला विचारलं की तिचंच उत्तर येईल."

पाटीवर तेच लिहून घेतलं. 'शरयू, टॅरो. एका वेळी एकच. स्वतःचाच प्रश्न.' माझा पेंटर हसून हसून बेजार.

पोळा झाला आणि दुकान उघडलं. पहिले आले ते दोघे पुरुष. पत्त्याचं दुकान म्हटल्यावर त्यांना वाटलं क्लब निघाला. रमी आहे का म्हणून त्यांनी अदबीने विचारलं, आणि नाही म्हटल्यावर तितक्याच अदबीने निघून गेले. बाया आल्या त्या घोळक्याने. एकीला आत बसवलं की बाकीच्या पडदा वर करून डोकावणार, आमच्या पोरीचं लग्न पाहा, माह्या जावेच्या मनात काय हाये ते पाहा. शरयूताईंचं एकच, "जिचं तिनं विचारायचं." मग घोळका रुसून परत. दसरा गेला तरी हेच. हर्षल येता-जाता खोलीची लांबी-रुंदी नजरेने मोजायचा.

दीपक माझ्यावरच चिडला. "तुम्ही तरी सांगा ना भाऊ तिले. एक सोफा टाकला असता तं काय बिघडलं असतं?" मीही सांगून पाहिलं. म्हटलं ताई, दुकान बुडवून तत्त्व कुणाला दाखवणार? त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. म्हणाल्या, "दुसरी खुर्ची टाकली तर मग हे पुण्याचंच रिसेप्शन झालं, भाऊ. त्यापेक्षा मी पुण्यालाच जाते."

दोन-तीन दिवसांनी पडद्याचा दांडा ढिला झाला म्हणून मी दारापाशी स्टुलावर चढलेलो होतो. पडदा काढून खाली ठेवलेला. एवढ्यात चांगुणाबाई आल्या. शंकररावांची बायको, त्यांचं शेत-वावर कुठवर आहे ते गावात कुणालाही विचारा. बाजारात ही बाई तोंड उघडते तेव्हा वांगी विकणारा दुसरीकडे पाहतो. मागे सून, करिष्मा. चांगुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्टुलावर चढलेला कारागीर माणसात धरत नाहीत, त्याचा फायदा असतो.

"इचं पाह्य बरं, शरयू. तीन वर्सं झाले, घरात पाळणा हालला नाई. कधी हालते ते सांग." करिष्मा तोवर भिंतीला टेकून खाली फरशीवर बसलीसुद्धा. सासू समोर असताना सून खुर्चीवर बसत नाही, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही.

शरयूताई पुण्यात राहून आल्या, पण गावच्या बाईशी बोलताना त्यांची जीभ आपोआप वऱ्हाडी होते. "मावशी, तिचं ती इचारीन, तिले वाटलं तं. तुम्ही बसा ना. तुमचं काय हाये?"

"माह्यं? माह्यं काय राह्यलं आता. घर हाये, वावर हाये, पोरगा हाये."

"ते घराचं झालं. मी तुमचं इचारलं."

चांगुणाबाई बसल्या. पाय नीट टेकले. मला वाटलं आता या बाईच्या तोंडाचा पट्टा सुटणार, आणि मी दांडा घट्ट धरला. पण त्या टेबलावरच्या कापडावरून हात फिरवत राहिल्या.

मग हळूच म्हणाल्या, "वरवट बकाल गावाले माही बहीण हाये. कंबर मोडली तवापासून उठत नाई. मले तिच्यापाशी जाऊन राहाचं हाये चार दिवस. पेरणी झाली का जाऊ, वेचणी झाली का जाऊ, असंच चालू हाये. आमच्या यांइले म्हटलं का म्हणते, पुढच्या महिन्यात पाहू." आणि अगदी लहान आवाजात, "जाऊ का? तेवढं सांग."

शरयूताईंनी पत्ते पसरले. "एक काढा." चांगुणाबाईंनी काढला. अर्थ काही शरयूताईंनी सांगितला नाही, पालथा पत्ता उलटून समोर सरकवला आणि म्हणाल्या, "तुम्हाले काय दिसते?"

चांगुणाबाईंनी तो लांब धरून पाहिला. "होडी हाये. बाई बसेल हाये पाठमोरी, संग पोरगं हाये. चालली कुठी तरी." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कोणाले इचारून चालली असंन वं?"

"ते तं यात काढलंच नाई, मावशी."

"एक नाववाला दिसून राह्यला."

"हाव."

"त्याले काय. तिकीट दिलं का झालं." आणि स्वतःच्याच बोलण्यावर चांगुणाबाईंना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं. "आता तं एसटीत बायाइले अर्धंच तिकीट लागते."

"मंग घरी सांगा, जाऊन राह्यली म्हणून," शरयूताई म्हणाल्या. "इचारू नका. सांगा."

चांगुणाबाई उठल्या तशी करिष्माही उठली, परत जायला म्हणून. "तू कुठी चालली? बस थ्या खुर्चीवर." करिष्मा खाली पाहत म्हणाली, "मी खालीच बरी हाये, आत्याबाई." सासूने तिचा दंड धरला आणि तिला खुर्चीत बसवलं. जबरदस्तीच होती म्हणा ती. मग दारापर्यंत आल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "मी बाहीर हावो. अन् काय इचारलं ते मले सांगू नको."

मी स्टुलावरून उतरलो, घाईघाईने पडदा अडकवला आणि बाहेर जाऊन बसलो. चांगुणाबाई शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काय पाह्यतं बे? दांडा नीट लावला का?"

सोमवारी त्या हिरवं लुगडं नेसून बसस्टँडवर उभ्या होत्या, हातात पिशवी, एकट्या. जो तो विचारी, कुठं निघाल्या? बहिणीकडे. एकट्याच? हाव. शंकरराव घरी आहेत ना? हाव, हायेत. खामगावची गाडी येईपर्यंत हे एवढं त्यांनी अर्ध्या गावाला सांगितलं, आणि हेही सांगितलं की शरयूने विचारलं म्हणून निघाले. माझे सगळे फ्लेक्स एकत्र केले तरी अशी जाहिरात झाली नसती. त्या आठवड्यापासून बाया एकेकट्या यायला लागल्या. कुणी भाजी आणायला निघाली ती वाट वाकडी करून, कुणी दळण टाकून. आत काय विचारतात मला माहीत नाही, आणि आता मला दांडा नीट करायलाही बोलवत नाहीत.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा एका संध्याकाळी मी दुकानावरून जात होतो. बाहेर दीपक बसलेला. म्हटलं, काय, हर्षलला चावी द्यायला आला की काय? तो ओशाळला. "हिमानी आत हाये," म्हणाला. मी त्याच्याजवळ टेकलो. तो मोबाईल काढी, परत खिशात ठेवी. शेवटी न राहवून म्हणाला, "भाऊ, काय इचारत असंन हो ती?"

"तुझी बायको आहे. तुला माहीत पाहिजे."

त्याला खरंच माहीत नव्हतं. चांगला पाचवी-सहावीतल्या पोराचा बाप, घरातली डाळ कुठल्या डब्यात आहे ते माहीत असलेला माणूस, आणि याबाबतीत कोरा. मला त्याची दयाच आली, थोडी माझीही, कारण त्याच क्षणी मी माझ्या बायकोचा विचार केला, आणि ती आत काय विचारील ते मलाही माहीत नव्हतं.

हिमानी बाहेर आली. चेहऱ्यावर रडल्याची खूण नाही की काही नाही, फक्त मोकळी वाटली. दीपक उठला. पडदा बाजूला करून बहिणीला म्हणाला, "ताई, वरचे पत्रे पुढच्या पावसाच्या आत बदलून घेऊ. खोली आता तुह्यीच हाये." शरयूताई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मान हलवली आणि टेबलावरचं निळं कापड सारखं केलं.

नवरा-बायको बाजाराकडे वळले. चार पावलं गेल्यावर दीपक थांबला, इकडेतिकडे पाहिलं, आणि आपल्याला कुणी ऐकू नये अशा बेताने बायकोला म्हणाला, "तुले कुठी जायाचं असंन, काही पाह्यजे असंन, तं मले सांग ना वं."

"तुम्ही इचारलं कधी?" हिमानी म्हणाली. रागाने नाही. नुसतं विचारलं.

"आता इचारून राह्यलो ना," दीपक म्हणाला, आणि ती सांगेपर्यंत तो तिथंच रस्त्यात उभा राहिला.