वरातीच्या घोडीचे पाय

आमच्या घरी वरातीची घोडी आहे. माहेरी सांगताना मी ‘घोड्यांचा व्यवसाय’ असं सांगायची. खरं म्हणजे घोडी एकच, आणि तबेला म्हणजे गोंदियाहून नागऱ्याला जाणाऱ्या रस्त्यावरची पत्र्याची शेड. आषाढीनंतर लग्नं बंद झाली की तुळशीच्या लग्नापर्यंत ती तिथे नुसती उभी. माझ्या सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, प्रेमाची तऱ्हा एकच, खायला घालायचं. बिचारीला जरा आराम, म्हणून भिजवलेले चणे आणि गूळ दुप्पट. असला आराम मला कधी मिळाला नव्हता, आणि हे मी मनातल्या मनात म्हणत नव्हते.

गेल्या पावसाळ्यात तिचे मागचे दोन्ही पाय सुजून खांबासारखे झाले. बोटाने दाबलं की खळगा पडायचा. मामाजींनी अशक्तपणा ठरवून गूळ वाढवला. शेवटी मीच गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाय चाचपले, ती लंगडते का ते पाहिलं आणि सांगितलं, आजार काही नाही, उभी राहून राहून पायांत पाणी उतरलंय. चणे कमी करा, पायांवर थंड पाणी सोडा, सकाळ-संध्याकाळ चालवा. ‘कमी करा’ हे ऐकून मामाजींनी डॉक्टरांना चहासुद्धा विचारला नाही.

मामाजींचे स्वतःचे गुडघे गेलेले. वराती झेपेनात म्हणून घोडी विकायचं त्यांनी मनावर घेतलं होतं. कोहमाऱ्याचा एक ढाबेवाला मागतही होता. पण सुजल्या पायांची घोडी कोण घेणार? म्हणून चालवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही खुशीत होते, घोडी गेली की लीद काढणं सुटणार होतं.

पण वरातीच्या घोडीला सरळ चालणं माहीतच नसतं. चार पावलं टाकायची आणि थांबायचं, पुढे वऱ्हाडी नाचत असल्यासारखं. मी ओढतेय, मागे ऑटोवाले हॉर्न वाजवताहेत. वैतागून मोबाईलवर बँडची गाणी लावली, तर ठुमकत निघाली. पितृपक्षात बँड वाजतोय म्हटल्यावर लोक दारात आले. शेजारची म्हातारी म्हणाली, “पितरपाटात कोनाची वरात काढून राहिली वो बाई?”

लाजेने मोबाईल बंद केला आणि रागारागाने घोडीलाच बोलायला लागले. मामाजींचे चणे काढले, त्यांचा हट्ट काढला. घोडीने कान माझ्याकडे वळवले आणि चक्क सरळ चालू लागली. मी गप्प झाले की ती थांबायची. मग काय, सासरचं इतकं साचलं होतं की नागऱ्याच्या देवळापर्यंत जाऊन परत येईतो विषय पुरायचे. दिवाळीपर्यंत तिच्या पायांची सूज उतरली. माझंही डोकं हलकं झालं. मला ती घोडी फार आवडायला लागली होती, आणि ती जाणार होती.

ढाबेवाला आला आणि पाय पाहून खूश झाला. मी घाईघाईने सांगितलं की ही चालत नाही. तोंड मिटून लगाम ओढला, चार पावलांवर ती थांबली. मला वाटलं, जिंकलं.

“चलाना किसको है भाभी?” तो म्हणाला. “ढाबे के सामने खडी रखनी है. लोग फोटो खिंचवाएंगे.”

म्हणजे दिवसभर उभी. पुन्हा ते खांब. आणि मी कुणाशी बोलू? मी लगाम काही सोडेना.

खाटेवरून मामाजी म्हणाले, “नाई देत बापा घोडी. हे गेली त माही सून घरी बसून राहीन, मंग तिचे पाय सुजतीन. आन् माह्याबद्दल ते जे घोडीले सांगते, ते मले आयकावं लागन.”

मला हसूही आलं आणि रडूही. ढाबेवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. संध्याकाळी घोडीला घेऊन निघाले तेव्हा मामाजींविरुद्ध बोलायला काहीच सुचेना. मग नवऱ्याचं काढलं.