पडद्यावरची चार नावं

खोपोलीच्या आमच्या कारखान्यात संगणक आला तेव्हा त्याच्यासाठी थंडगार खोली बांधली आणि आम्हा माणसांना तिच्या दारात चपला काढायला लावल्या. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी कर्जतहून शटल गाडीने यायचे. टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरीच्या खात्यात, टायपिस्ट होते, बोटं भराभर चालतात म्हणून मला त्या खोलीत बसवलं. पण यंत्राला काही विचारायचं तर मुंबईच्या हेड ऑफिसातून प्रोग्रॅम लिहून यावा लागे. कोणत्या खात्यात किती जण रजेवर, एवढं कळायला आठवडा! त्यापेक्षा मी खात्यांतून फेरी मारून अर्ध्या तासात सांगते, असं मी आमच्या खात्याच्या साहेबांना बोलून दाखवलं होतं. त्यांना ते आवडलं नाही.

मग यंत्रासाठी तयार प्रोग्रॅमांचं नवं पॅकेज आलं. त्यात विचारायची सोय आतच होती. पडद्यावर चौकट उघडायची, हवा तो रकाना निवडायचा, पुढे अट लिहायची, की त्या अटीत बसणारी नावं खाली ओळीने हजर. प्रोग्रॅमरचे पाय धरायला नकोत. मला तर नादच लागला. डबा खाऊन झाला की मी उगाच विचारत बसे: पळसदरीहून येतात कोण, वेल्डिंग शिकलेले कोण. साहेबही खूश. पाहुणे आले की त्यांना खोलीत आणून म्हणत, ‘‘काहीही विचारा, उत्तर देणारच.’’

त्याच सुमाराला सगळ्यांच्या ओळखपत्रावर रक्तगट छापायचं ठरलं. दवाखान्यातून एक तंत्रज्ञ आला, कँटीनबाहेर टेबल टाकून बसला. कामगारांनी हजेरीचं टोकन दाखवून नंबर सांगायचा आणि बोट पुढे करायचं. त्याने लिहून दिलेले गट मीच यंत्रात भरले.

काही महिन्यांनी एका सकाळी मेंटेनन्सचा फिटर थेट आमच्या खोलीत शिरला, तोही चपलांसकट. त्याची बायको गावातल्याच इस्पितळात बाळंत झाली होती. मुलगी सुखरूप होती, पण बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टरांनी निदान दोन बाटल्या रक्त मागितलं होतं आणि तिचा गट निघाला बी निगेटिव्ह. घरातल्या कुणाचा जुळला नव्हता. ‘‘बाई, तुमच्या मशीनला विचारा ना,’’ तो म्हणाला.

मी चौकट उघडली, रक्तगटाचा रकाना निवडला, अट लिहिली. चार नावं आली. इतक्या दुर्मीळ गटाची चार माणसं, चारही माल चढवणाऱ्या लोडिंग खात्याची आणि चारही त्याच पाळीला! मला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. फिटरने पडद्याला हात जोडले.

चौघांना बोलावून घेतलं. साहेबांनी कशासाठी ते सांगितलं, तर कुणी हलेना. तिघे जमिनीकडे बघत उभे. शेवटी त्यांच्यातला वयाने मोठा होता तो म्हणाला, ‘‘सायेब, आमचं रक्त नाय ते. ह्याचं हाय.’’ आणि त्याने चौथ्याकडे बोट दाखवलं. चौथा म्हणजे खांद्याची हाडं वर आलेला, अगदी किरकोळ अंगाचा माणूस.

हळूहळू उलगडा झाला. बोटाच्या थेंबावरून दारू पिणारे ओळखतात आणि मग त्यांना कामावरून कमी करतात, अशी लोडिंगमध्ये बोलवा उठली होती. त्या टोळीत न पिणारा हा एकटाच. म्हणून तिघांनी आपापलं टोकन याच्या हातात दिलं आणि यानेही दोस्तीखातर चार वेळा रांगेत उभं राहून वेगवेगळं बोट टोचून घेतलं. तंत्रज्ञाने मान वर करून पाहिलंच नसावं. मला इतका संताप आला की मी साहेबांसमोरच ओरडले, ‘‘अरे, त्या बाईचा जीव जातोय आणि तुमचं काय चाललंय!’’ फिटर भिंतीला टेकून खालीच बसला.

तेवढ्यात तो किरकोळ माणूस पुढे आला. ‘‘चौघांचं माझंच हाय ना? मंग घ्या की चार बाटल्या.’’

इस्पितळात डॉक्टरांनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, चुकचुकले, तपासण्या करून एक बाटली घेतली आणि आणखी एक थेंबही मिळणार नाही म्हणून बजावलं. दुसऱ्या बाटलीसाठी त्यांनी मुंबईच्या रक्तपेढीला फोन लावला. तिथे हवा तो गट मिळत होता, पण त्याच्या बदल्यात कुणीतरी रक्त द्यायला हवं होतं, मग ते कुठल्याही गटाचं का असेना. हे ऐकलं मात्र, सोबत आलेले ते तिघे तडक कारखान्याच्या जीपमध्ये जाऊन बसले. सुईला घाबरणारा एक जण तर वाटभर डोळे मिटून होता, असं ड्रायव्हर सांगत होता. संध्याकाळी जीप बाटली घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी फिटरने कळवलं, बायको डोळे उघडून बोलली. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

पुढे कारखान्यात सगळ्यांचे गट पुन्हा तपासले, या वेळी प्रत्येकाचं तोंड बघून. नव्याने भरल्यावर मी तीच अट लिहिली. खाली एकच नाव आलं.

नवं ओळखपत्र घ्यायला तो किरकोळ माणूस आला तेव्हा त्याने दारातूनच विचारलं, ‘‘बाई, माझ्यासारकं आता कोण कोण हाय?’’

‘‘कुणी नाही. तुम्ही एकटेच.’’

तो जरा विचारात पडला. ‘‘म्हंजे मला रगत लागलं, तर मशीन माझंच नाव सांगणार.’’

खरंच होतं ते. त्याच्यामागे ते तिघेही आपली कार्डं घ्यायला उभे होते. त्यांच्यातल्या मोठ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘मशीनला कशाला इचारतो रं? आमी जाऊ की मुंबईला. आता रस्ता म्हाईत हाय.’’