साडूंनी पसंत केलेला लॅपटॉप

देवाने ही पृथ्वी आमच्या साडूंना न दाखवता परस्पर पसंत केली, इथेच त्याचं चुकलं. साडू त्या वेळी हजर असते तर हिंगोलीची कयाधू नदी ऐन उन्हाळ्यात अशी कोरडीठाक पडली नसती. त्यांनी ती आधी वर्षभर वाहवून बघितली असती आणि मगच ताब्यात घेतली असती. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी, माहेर जवळा बाजारचं. त्या घरचे ते थोरले जावई आणि मी धाकटा. एवढ्या नात्यावर मी या माणसाला इतकी वर्षं सहन केलं, आणि सहन करता करता त्याचा लळा कधी लागला ते कळलंसुद्धा नाही.

वस्तू घ्यायची म्हणजे आधी तिची परीक्षा घ्यायची, आणि परीक्षकाने मन घट्ट ठेवायचं, असा साडूंचा बाणा. चपला घ्यायच्या तर नव्या चपला घालून ते दुकानातून थेट एसटी डेपोपर्यंत चालत जाऊन येत. दुकानदार तोवर त्यांच्या जुन्या चपला राखत बसे. एकदा छताचा पंखा घ्यायचा होता. साडू जेवणाचा डबा घेऊनच दुकानात गेले. तिथे जेवले, पंख्याखाली सतरंजी अंथरली आणि ताणून दिली. "पंखा जागेपणी कळत न्हाई मास्तर. झोप लागली तर खरा," हे त्यांचं म्हणणं. मी कॉलेजात शिकवतो, म्हणून त्यांचा मास्तर. दुकानदार खानसाहेब मोठे सोशिक. त्यांनी बाकीच्या गिऱ्हाइकांना हळू बोलायला सांगितलं. दोन तासांनी साडू उठले आणि म्हणाले, दुसरा लावा. लग्नाआधी मला बघायला सासरकडून हेच आले होते. मला अंगणात नेलं, लांबून पेपर वाचायला लावला, खाट उचलायला लावली, घोरता का म्हणून विचारलं, आणि माझ्यादेखत सासऱ्यांना सांगितलं, "चालंल. जरा आवाज करतं, पण लवकर गरम होत न्हाई." या शिफारशीवर माझं लग्न झालं.

तर असा हा माणूस हिंगोलीतल्या एका बियाणे कंपनीत स्टोअर आणि खरेदी सांभाळत होता. टाचणीपासून जीपपर्यंत कंपनीतली एकही वस्तू साडूंचा हात लागल्याशिवाय आत आलेली नव्हती, आणि आलेली एकही परत गेलेली नव्हती. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास मालकांनी ठरवलं, की सगळ्या साहेब लोकांना आणि गावोगाव फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना लॅपटॉप द्यायचे. पुण्याच्या ऑफिसात तेव्हा एक नवे मॅनेजर आले होते. त्यांचं म्हणणं, ही खेड्यातली खरेदी आता बंद करा, सगळं पुण्याहून घेऊ. मालक जुन्या वळणाचे. ते म्हणाले, एवढे लॅपटॉप साडूंना बघू द्या. त्यांनी नीट निवडले तर खरेदी हिंगोलीतच राहील, नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

साडू त्या संध्याकाळी आमच्याकडे आले, पण चहाला हात लावला नाही. "खरेदी पुण्याला गेली तर मी तिथं काय करू मास्तर? नुसती कुलपं उघडायला माणूस कशाला पायजे?" असं म्हणाले. त्यांना इतकं खाली मान घालून बसलेलं मी प्रथमच बघत होतो, आणि मला ते मुळीच बरं वाटलं नाही.

नांदेडच्या डीलरचा टायवाला माणूस दोन लॅपटॉप आठवडाभर बघायला म्हणून देऊन गेला. एक पातळ, चंदेरी, नव्या नवरीसारखा. दुसरा काळा, जाडजूड. कॉलेजात माझा कॉम्प्युटरशी थोडाफार संबंध येई, म्हणून दोन्ही माझ्या घरी आले. "तुमी फकस्त चालू करून द्या. बाकीचं मी बघतो," साडू म्हणाले. आणि मग त्यांनी जे बघितलं ते काय सांगू. आधी दोन्हींचा वास घेतला. मग दोन्ही पिशवीत घालून सेनगावच्या जीपमध्ये मागच्या फळीवर बसून गेले आणि आले. आमच्या रस्त्यांवर माणसाची हाडं खिळखिळी होतात, पण लॅपटॉप चालू राहिले. मग जेवण करून आडवे झाले आणि एकेक लॅपटॉप पोटावर ठेवून किती तापतो ते बघितलं. चंदेरी तापला. "साहेब लोकाईचं पोट नाजूक असतं," असा शेरा मिळाला. तेव्हा भारनियमन असं होतं, की वीज आली तर शेजारी एकमेकांना हाक मारून सांगत. वीज गेली की साडू दोन्ही लॅपटॉप उघडून पाटावर ठेवत आणि आमच्याकडे आलेल्या माझ्या मेहुणीला त्या उजेडात तुरीची डाळ निवडायला बसवत. काळ्याच्या उजेडात खडा लवकर दिसतो असा निकाल लागला. शिवाय त्याची बॅटरी डाळ संपेपर्यंत टिकली. माझ्या बायकोने मध्येच विचारलं, की साहेब लोक काय डाळ निवडणार आहेत का. साडूंनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

टायवाला एकदा चौकशीला आला तर साडूंनी त्याच्या हातावर रुमाल टाकला. आमच्याकडे जनावरांच्या बाजारात भाव असाच ठरतो. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायची, म्हणजे बघ्यांना आकडा कळत नाही. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. त्याने हात ओढून घेतला आणि सबंध चहा होईपर्यंत तो दाराजवळच्या खुर्चीवरून हलला नाही. त्यातच साडूंनी त्याला विचारलं, की ह्या वरच्या ओळीतल्या कळा आमचा कोणी वापरणार न्हाई, तर त्या काढून किंमत कमी होईल का.

इथवर सगळं ठीक होतं. पण साडूंचं अर्धं आयुष्य हिंगोलीच्या हळदीच्या बाजारात गेलेलं. तिथे हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय कोणी भाव बोलत नाही, आणि मोडलेलं हळकुंड कोणी परत मागत नाही. शेवटच्या दिवशी मी कॉलेजातून घरी आलो तर साडूंनी शिलाई मशीनचा पेचकस घेऊन काळा लॅपटॉप पालथा घातलेला, आणि त्याचं पोट उघडं. मी कपाळाला हात लावला. "आत बघितल्याबिगर माल कसा कळंल?" ते शांतपणे म्हणाले. "आतून एकदम बराबर हाय बगा. दाट काम केलेलं हाय." त्यांनी तो पुन्हा बंद केला. तीन स्क्रू उरले. ते त्यांनी खिशात टाकले आणि मला लॅपटॉप चालू करायला सांगितलं. तो चालू झाला नाही. रात्रीपर्यंत झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मालक, पुण्याचे मॅनेजर आणि टायवाला असे सगळे जमणार होते. मी साडूंना म्हटलं, "साडूभाऊ, गप्प बसा. चंदेरी चालतो, तो पसंत म्हणून सांगा. काळा बंद पडला, माल खराब निघाला, विषय संपला." साडू फक्त बरोबर या म्हणाले, म्हणून मी गेलो. काळा लॅपटॉप तसाच बंद, टेबलावर. मॅनेजरांनी विचारलं, कुठला पसंत? साडूंनी खिशातले स्क्रू काढून टेबलावर ठेवले. "काळा," ते म्हणाले. "बंद हाय, पण ती तकलीफ माझ्यामुळं झाली. मी उघडून बघितला. माल चांगला हाय, त्याला नावं ठेवू नका."

मॅनेजर हसले. टायवाल्याचा चेहरा उतरला. मालकांनी बराच वेळ मान वर केली नाही, आणि त्यावरूनच मला निकाल कळला. खरेदी पुण्याला गेली.

नोकरी राहिली. खोकी पुण्याहून बांधून येत आणि साडू ती फडताळात लावून ठेवत. पण माणूस आतून विझला. मेहुणी सांगायची, आता भाजी आणली तर पेंडीसुद्धा उलटून बघत नाहीत. पानात येईल ते खातात. मला त्यांच्या त्या जुन्या तपासण्यांचा किती वैताग यायचा, आणि आता त्यांच्याशिवाय घरात काही घ्यायची मजाच राहिली नव्हती. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. साडू-साडूंत असलं बोलायची पद्धत नाही.

पुढे दोनेक वर्षांनी माझ्या थोरल्या मुलीला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. तिला लॅपटॉप घ्यायचा होता. मी साडूंना ओढूनच दुकानात नेलं. दुकानदाराने तीन-चार मांडले. साडू हात मागे बांधून उभे. मी एक पुढे केला आणि म्हटलं, "बघा बरं जरा."

"तुमी म्हणता तर चांगलाच असंल," ते म्हणाले.

दुकानदार बिल करायला घेत होता. त्याला मी म्हटलं, "थांबा. आज घेत नाही. आमच्या माणसाने अजून पसंत केलेला नाही." साडू चमकले. आम्ही बाहेर पडलो आणि चालायला लागलो. वाटेत त्यांनी विचारलं, "काहून घेतला न्हाई मास्तर?"

"तुम्ही बघितला नाही म्हणून."

साडू रस्त्याकडे बघत चालत राहिले. घराचं वळण आलं तेव्हा थांबले आणि म्हणाले, "मग उद्या सकाळच्याला येऊ. दुपारून गर्दी राहते, निवांत बघता येत न्हाई."